पगाराची स्लिप नीट वाचा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त २६ जानेवारी २०२५ रोजी संस्थेच्या आवारात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते आपल्याच संस्थेचे सभासद असून एका कारखान्याच्या पगार विभागातून निवृत्त झाले आहेत.)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, आपल्या तरुण मंडळींना पगाराबद्दल चार शब्द सांगा." मी म्हटलं, पगार तर सगळ्यांनाच कळतो, एक तारखेला मोबाईल वाजतो! पण तो मेसेज म्हणजे पूर्ण पगार नव्हे.

हल्लीची मुलं 'पॅकेज' सांगतात. सहा लाखांचं पॅकेज म्हणजे महिना पन्नास हजार हातात, असा हिशोब आईवडील मांडतात आणि मग फसल्यासारखं वाटतं. पॅकेजमध्ये कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद, कधी विम्याचा हप्ताही धरलेला असतो. म्हणून ऑफर लेटर आलं की आधी बेसिक किती ते बघा. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मुख्यतः बेसिक आणि महागाई भत्त्यावर निघतात.

समजा बेसिक २०,००० आहे. १२ टक्क्यांनी तुमचे २,४०० कापले जातात. कंपनीही तेवढेच भरते. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि १,१५० तुमच्या पीएफमध्ये. म्हणजे कापले २,४०० आणि खात्यात जमा झाले ३,५५०. याला 'कपात' म्हणायचं की बचत, तुम्हीच ठरवा.

दर दोन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्यांना हात जोडून सांगतो, पीएफ काढून मोबाईल घेऊ नका. तो नव्या कंपनीत ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागू शकतो, आणि महिन्याच्या पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची नोकरी लागते.

ग्रॅच्युइटीचं सूत्र सोपं आहे. शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. २६,००० बेसिकवर दहा वर्षं केली तर दीड लाख होतात. साधारणपणे पाच वर्षं पूर्ण लागतात, पण कामगाराचा मृत्यू झाला तर ही अट नाही.

ही शेवटची गोष्ट मी फार महाग शिकलो. आमच्याकडे एक फिटर होता. तीन वर्षांची नोकरी. लग्न झालं तेव्हा पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या टेबलापाशी आला. मी पेढा खाल्ला, पण नॉमिनेशनचा नवा फॉर्म काही भरून घेतला नाही. वर्षभरात तो अपघातात गेला. पीएफच्या कागदावर आईचं नाव होतं. लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर नियमाने रद्द ठरतं, हे ना त्या माऊलीला ठाऊक, ना त्याच्या बायकोला. दाखले, प्रतिज्ञापत्रं, हेलपाटे सुरू झाले. सासू-सुना एका रिक्षाने ऑफिसात यायच्या, त्या पुढे वेगवेगळ्या येऊ लागल्या. कोणी तरी त्यांना सांगितलं, पाच वर्षं झाली नाहीत, ग्रॅच्युइटी मिळणार नाही. पीएफसोबत विमा असतो, हे तर त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. शेवटी सगळे पैसे मिळाले, पण त्या दोघींमधलं वितुष्ट काही मिटलं नाही. त्यात माझ्या आळसाचा वाटा होता, हे आज सर्वांसमोर कबूल करतो.

तो विमा आजही आहे. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास वारसांना कमाल सात लाखांपर्यंत रक्कम मिळते, आणि त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापत नाहीत. आता नॉमिनेशन घरबसल्या ऑनलाईन होतं. आज रात्री जेवणं झाली की नवरा-बायकोने शेजारी बसून ते उघडा. कोणाचं नाव आहे बघा.

आणि जाता जाता एक घरचंच सांगतो. आपण फक्त पगार घेणारे नाही, सोसायटी म्हणून पगार देणारेही आहोत. गेटवरचे आपले वॉचमन एजन्सीचे. एजन्सीच्या बिलात पीएफ आणि ईएसआयसी लावलेले असतात आणि ते आपण मेंटेनन्समधून भरतो. पण ते त्यांच्या नावावर जमा होतात का? महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ईएसआयसी लागू आहे. त्यात त्यांचे फक्त पाऊण टक्का कापले जातात आणि कुटुंबासकट उपचार मिळतात. कमिटीला माझी विनंती आहे, दर महिन्याचं बिल पास करण्याआधी नावांच्या यादीसह चलन मागा. आणि वॉचमनदादांना एकदा विचारा, "ईएसआयसीचं कार्ड मिळालं का?"

पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, टाक्या बदलल्या, रंग दोनदा काढला. आता एवढं एक काम करू या.