चाकूचा खिळा



माझ्या डाव्या हाताचे हे बोट पाहा. पहिल्या पेरावर पांढरी रेघ दिसते ना? तीस वर्षे मी पोरांना धडे दिले. हा धडा मात्र मला एका चाकूने दिला.

थंडीचे दिवस होते. अकोटकडे एका पाहुण्यांच्या मळ्यात संत्र्याचे डोळे बांधायचे काम चालले होते. तुमच्यापैकी पुष्कळांना ते माहीत आहे. जंबेरीच्या रोपाच्या सालीला उभा-आडवा काप घ्यायचा. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा सालीसकट काढायचा. तो कापात बसवून पट्टीने बांधायचा. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक ओला, नाजूक थर असतो. दोन्हीकडचे थर एकमेकांना भिडले, तरच डोळा जीव धरतो. म्हणून काप एका ओढीत आणि साफ गेला पाहिजे.

माझा चाकू घडीचा होता. त्याचे पाते मुठीत डुगडुगत होते. मी म्हटले, धार तर चांगली आहे, मग काय बिघडले? पण धार चांगली असून भागत नाही. पाते हलले की काप वाकडा जातो आणि साल फाटते. मी बांधलेले बहुतेक डोळे वाळून गेले. शेजारच्या गड्याचे मात्र फुटले. आणि त्याच दिवशी, टोकाने साल उचलताना पाते उलट दाबले गेले. कमानी थकलेली, खिळा सैल. पाते मिटले ते बोटावरच. दवाखान्यात दोन टाके पडले आणि धनुर्वाताची सुई घ्यावी लागली.

घरी आलो. रागाने हातोडी घेतली आणि खिळ्यावर दणका दिला. झाले! पाते घट्ट अडकले. नखाने उघडेना. पकडीने ओढले तर एकदम सुटून अंगावर आले. सैल चाकू वाईट, तसा घट्ट चाकूही वाईट, बरं का.

मग गावच्या लोहारदादाकडे गेलो. तो हसला. म्हणाला, “गुर्जी, हे काही शाळेतलं पोरगं नाही. याले हळू मारा.” वर्गातली माझी छडी त्याच्या चांगली लक्षात होती!

त्याने आधी हातोडी घेतलीच नाही. गरम साबणाच्या पाण्यात चाकू धुतला. काडीला चिंधी गुंडाळून सांध्यातला मळ काढला. झाडाचा चीक आणि माती आत वाळून बसते, आणि आपण म्हणतो खिळा घट्ट झाला. चाकू नीट कोरडा करून त्याने सांध्यात शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला. घरातले जवसाचे तेल घालू नका. ते वाळून चिकट होते आणि पाते धरून ठेवते.

तरीही पाते घट्टच होते. मग त्याने पात्याला जाड कापड गुंडाळले. पाते अर्धे उघडून ते डावी-उजवीकडे अगदी किंचित हलवले. जोर नाही. थोडे हलवायचे, उघडून पाहायचे, पुन्हा हलवायचे. हळूहळू ते मोकळे झाले.

आता सैल चाकूचे सांगतो. खिळ्याचे एक डोके ऐरणीवर टेकवायचे. दुसऱ्या डोक्याच्या कडेने लहान हातोडीने टिचक्या मारायच्या. मधोमध नाही, कडेने, गोल फिरत. डोके थोडे पसरते आणि मूठ पात्याला आवळते. तीन-चार टिचक्या झाल्या की थांबायचे. पाते उघडून दोन बोटांत धरायचे आणि बाजूला हलवून पाहायचे. हलत नाही, पण नखाने सहज उघडते, इतके झाले की पुरे. काही चाकूंना खिळ्याऐवजी स्क्रू असतो. तो अगदी थोडा फिरवायचा, पुरता फेरा देऊ नये. मूठ लाकडी असेल तर पावसाळ्यात ती फुगते, पाते जड जाते. तेव्हा लगेच हातोडी उचलू नका. आधी ती सुकू द्या.

बायांनो, तुमच्या अडकित्त्याचा खिळाही असाच आवळतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. खिळा कितीही नीट बसवला, तरी साधा घडीचा चाकू उलट दाबला की मिटतो. कमानी त्याला थोडे अडवते, पक्के धरत नाही. फ्रान्स देशात जोसेफ ओपिनेल याने १८९० साली लाकडी मुठीचा एक साधा चाकू केला. शेतकरी तो खिशात बाळगू लागले. त्यालाही पाते अडवणारी फिरती कडी १९५५ साली बसली. तोवर किती बोटे कापली असतील, कोण जाणे! तुमच्या चाकूला अशी कडी नसेल, तर टोकाने साल उचलू नका. हाडाची किंवा बांबूची चपटी काडी करून घ्या.

बरे, कोणी कोणी चाकू आणले आहेत? काढा बाहेर. ऐरण नाही, पण मी घरून पाच किलोचे जुने लोखंडी वजन आणले आहे. पहिल्यांदा ज्याचे पाते डुगडुगते, तो पुढे येऊ द्या.