देवघर आणि खिडकी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोल, असा अध्यक्षाबाईंचा आग्रह झाला म्हणून उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे. विषयही असा आहे की काहीजणी माना खाली घालतील.

आमच्या एक चुलत वन्सं मुंबईस असतात. गेली पंधरा वर्षे त्यांचा संसार एका मैत्रिणीबरोबर आहे. संसार म्हणजे संसारच. भाडे, दळण, रुसवे, आजारपण, सगळे आले त्यात. गेल्या वर्षी मैत्रिणीला एकाएकी इस्पितळात न्यावे लागले. खिडकीवरच्या कारकुनाने विचारले, "नाते काय?" वन्संनी खरे ते सांगितले. त्याने कागद मागे सरकवला. "असले नाते आमच्या धर्मात बसत नाही. रक्ताचे कोणी असेल तर आणा." रक्ताचा भाऊ साताऱ्याहून येईपर्यंत दिवेलागण झाली. तोवर वन्सं बाकावर बसून होत्या.

ऐकून मला त्या कारकुनाचा संताप आला, आणि लगेच जीभ चावली. कारण त्याच्या आदल्या वर्षी गौरींच्या सणाला मीच निरोप धाडला होता, "वन्सं, तुम्ही या, त्यांना आणू नका. देवाचे काम आहे." वन्सं आल्याच नाहीत.

आपले महाड इथून काही लांब नाही. तिथल्या चवदार तळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली झाला. 1924 साली महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केले. कागदावर! पाण्याला हात लावायची सोय नव्हतीच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. पुढे काय, तर धर्म बुडाला म्हणून पंचगव्याने तळे शुद्ध केले. 108 घागरींचा हिशेब सांगतात. त्याच साली नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. वहिवाट शाबीत होत नाही, असे हायकोर्टाने सांगेपर्यंत 1937 साल उजाडले. जातीचे दुःख फार मोठे, त्याची बरोबरी मी करीत नाही. पण ठराव झाला तरी तळ्याच्या काठावरचा माणूस आपल्या देवाचे नाव घेऊन वाट अडवतो, एवढे मात्र आपल्याच तालुक्याने पाहिले आहे.

अमेरिकेतही असे घडले. 2015 साली तिथे दोघी बायकांचे वा दोघा पुरुषांचे लग्न देशभर कायदेशीर झाले. केंटकी नावाच्या राज्यात किम डेव्हिस ही बाई लग्नाचे परवाने देण्याच्या कामावर होती. माझा देव परवानगी देत नाही म्हणून तिने परवानेच बंद केले. कोर्टाने तिला काही दिवस तुरुंगात ठेवले. तेवढ्यात हाताखालच्या लोकांनी परवाने दिले. पुढच्या साली तिथल्या कायद्याने अर्जावरचे त्या अधिकाऱ्याचे नावच काढून टाकले. मला हे बरे वाटले. बाईचा देव बाईपाशी राहिला आणि लोकांचे काम झाले.

माझे म्हणणे इतकेच. भटजींना एखादे लग्न लावायचे नसेल तर त्यांना ओढून आणू नये. माझ्या देवघरात कोणाला बोलवायचे ते मी ठरवीन, आणि त्यात चुकले तर माझी चूक. पण खिडकी हे कोणाचे देवघर नव्हे. तिथला पगार आपण सगळे मिळून देतो. एखाद्याला अगदीच जड जात असेल तर त्याने शेजारच्याला कागद द्यावा. समोरचे माणूस मात्र परत जाता कामा नये.

आपल्याकडे 2018 साली सुप्रीम कोर्टाने असे राहणे गुन्हा नाही म्हणून सांगितले. 2023 साली लग्नाचा हक्क मात्र दिला नाही. तरी 2024 साली केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना कळविले आहे की, अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरावे. बँकेत दोघींचे मिळून खाते काढायलाही आडकाठी नाही. वन्संना मी हे फोनवर सांगितले. त्या हसल्या. म्हणाल्या, "वहिनी, कागद आहे हो. खिडकीवर कोण बसलंय ते बघायला हवं."

येत्या गौरींना दोघींनाही बोलावले आहे. वन्सं म्हणाल्या, तिला विचारून सांगते. अजून फोन आलेला नाही.