दोन मशिनी आणि घरचा पाठिंबा

(रौप्य महोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



समितीने मला 'जुन्या आठवणी' सांगायला सांगितलं होतं. पण पाण्याचे टँकर आणि पार्किंगची भांडणं सगळ्यांनाच आठवतात. मी आज एका फॅशन डिझायनर बाईंविषयी बोलणार आहे. हसू नका! सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कपड्यांतलं काय कळणार? खरं आहे. पण आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे धंद्यातलं थोडंफार कळतं.

या बाई म्हणजे अनिता डोंगरे. जन्म १९६३ चा, माहेर सिंधी. डोंगरे हे आडनाव सासरचं. शिक्षण मुंबईच्या एस.एन.डी.टी.मध्ये, म्हणजे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात. १९९५ मध्ये बहीण मीना यांच्यासोबत दोन शिलाई मशिनींवर त्यांनी धंदा मांडला. नोकरी करणाऱ्या बायकांना रोज वापरता येतील असे पाश्चात्त्य धर्तीचे कपडे शिवले. दुकानदारांनी ते नाकारले. तेव्हा बाईंनी स्वतःचाच ब्रँड काढला, 'अँड'. पुढे भाऊ मुकेशही सोबतीला आले. २०१३ साली जनरल अटलांटिक या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने त्यांच्या कंपनीत सुमारे १५० कोटी रुपये घातले. २०१६ मध्ये ब्रिटनच्या केट मिडलटन मुंबईत ओव्हल मैदानावर क्रिकेट खेळल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर डोंगरेबाईंनी केलेला पोशाख होता.

या सगळ्यात बँकेच्या माणसाला काय दिसतं? कामाची वाटणी. बाईंनी डिझाइन बघायचं आणि व्यवहाराची बाजू भावंडांनी सांभाळायची. आपण म्हणतो, "आमच्या घरी सुनेला पूर्ण पाठिंबा आहे हो!" पाठिंबा म्हणजे काय? बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच की, 'घरचं सगळं सांभाळून काय करायचं ते कर.' याला पाठिंबा म्हणत नाहीत, परवानगी म्हणतात. परवानगीवर छंद चालतो, धंदा चालत नाही.

कर्जाच्या टेबलावर मी हे खूप पाहिलं. अर्ज बाईंचा, सोबत नवरा. "महिन्याला ब्लाउज किती होतात?" असं विचारलं की उत्तर साहेब द्यायचे. मी मुद्दाम बाईंकडे बघून पुन्हा विचारायचो. साहेबांचे आकडे अंदाजपंचे असायचे, बाईंचे तोंडपाठ. आपल्या पैठणी-हिमरूच्या मुलखातही वेगळं काय होतं? कांड्या भरायला घरची बाई, दुकानाच्या पाटीवर नाव पुरुषाचं.

कुणी म्हणेल, "साहेब, ती मुंबई आहे. आपल्या गावात कुठं असं?" तर ऐका. डोंगरेबाईंच्या संस्थेने पालघर जिल्ह्यात चारोटीला शिवण केंद्र काढलं. गावातल्या बायका तिथं शिकतात, शिवतात आणि कमावतात. काम गावाजवळ आलं म्हणून त्यांना घर सोडावं लागलं नाही. बाईच्या हातात स्वतःची कमाई आली की घर बदलतं, हे त्या वारंवार सांगतात. मोठं व्हायची इच्छा मुंबईतच उगवते असं थोडंच आहे?

आता माझ्या सवयीप्रमाणे थोडं कागदपत्रांचं. भगिनींनो, धंद्याचं खातं वेगळं ठेवा, घरखर्चात मिसळू नका. उद्यम नोंदणी करा, तिला पैसे पडत नाहीत. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं, त्याला तारण लागत नाही. आणि बंधूंनो, पुढचं घर बाईच्या नावावर घ्या. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून त्यासाठी मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पैसेही वाचतील आणि उद्या तिच्या कर्जाच्या अर्जाला वजन येईल.

शेवटी थोडं कडू बोलतो. आपल्या सोसायटीत कुणी शिवण घेतं, कुणी डबे देतं, कुणी शिकवण्या घेतं. आणि वार्षिक सभेत तक्रार येते: "मशिनीचा आवाज येतो, परकी माणसं लिफ्ट वापरतात." तक्रार खोटी नाही. दुपारी झोपमोड माझीही होते. पण डोंगरेबाईंच्या त्या दोन मशिनीसुद्धा कुणाच्या तरी शेजारीच वाजत असतील ना! त्या वेळी शेजाऱ्यांनी नोटीस दिली असती तर?

म्हणून एक सूचना मांडतो. आपला हॉल दुपारी कुलूपबंद असतो. बारा ते चार या वेळात तो कष्ट करणाऱ्या भगिनींना नाममात्र भाड्याने द्यावा. गिऱ्हाइकांनी तिथंच यावं, म्हणजे लिफ्टचा प्रश्न मिटेल. विजेचं बिल त्यांनी भरावं आणि हिशेब समितीला दाखवावा. वाटलं तर हिशेब तपासायला मी येईन, फुकट!

पंचवीस वर्षांत आपण भिंती उभ्या केल्या, रंगवल्या, गळती काढली. आता या भिंतींच्या आत कुणाचा धंदा उभा राहत असेल तर त्याला हात देऊ. माझी सूचना येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावी, अशी सचिवांना विनंती करतो आणि थांबतो.