विषाणूंचे निवडणे-पाखडणे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही शास्त्रज्ञ नव्हे; बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या फायलींत हयात घालविलेले सामान्य सेवक आहोत. तरीही हा विषय घेतला. २०२० च्या महामारीत आप्तांच्या अंत्यदर्शनासही आपल्यापैकी अनेकांना गावी जाता आले नाही. पुढे लस आली, तेव्हा ‘टोचून घ्यावी की नाही?’ हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. लशीवरचा विश्वास हा बव्हंशी तिच्या शुद्धतेवरचा विश्वास असतो.

१९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनी इन्फ्लुएंझाच्या रुग्णांच्या घशातील धुवण गाळून फेरेट नामक प्राण्याच्या नाकात सोडले. जीवाणू गाळणीत अडकले, तरी फेरेट आजारी पडले! रोगाचा कर्ता गाळणीतून निसटणारा विषाणू आहे, हे सिद्ध झाले. त्याचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका.

पुढे तो कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढविता येऊ लागला. परंतु त्याबरोबर अंड्यातील प्रथिनांचा गाळही लशीत उतरे; टोचल्यावर ताप येई, दंड सुजे. १९४१ मध्ये हर्स्ट यांना आढळले की, हा विषाणू कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींना चिकटतो. थंडीत चिकटलेला विषाणू ऊब मिळताच सुटतो. या गुणामुळे बराच गाळ मागे टाकता आला.

मोठी झेप १९६० नंतरच्या दशकातली. अमेरिकेत ओक रिज येथे नॉर्मन अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवे अपकेंद्री यंत्र सिद्ध केले. ताक घुसळताना लोणी वेगळे होते, हे आपल्या माताभगिनींना सांगावयास नको. येथे रवीच्या जागी प्रचंड वेगाने फिरणारे पात्र, आणि त्यात थराथराने दाट होत गेलेले साखरेचे पाणी. आपल्या घनतेचा थर येताच विषाणू तेथे थांबतो. गाळ अन्यत्र राहतो. लशीचा त्रास त्यामुळे पुष्कळ कमी झाला. मात्र हे काम हळुवार हाताचे. अतिरेक केल्यास विषाणूचे कवचच फुटते.

याच परंपरेत १९५२ साली स्थापन झालेली पुण्याची विषाणू संस्था येते. २०२० मध्ये तिने करोनाचा विषाणू वेगळा केला. त्यापासून हैदराबादेत कोव्हॅक्सिन तयार झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली.

घरातील कोणी लशीबद्दल शंका घेतल्यास त्याला हसू नये. लशीमागची ही निवड-पाखड त्यास समजावून सांगावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.