उचल फिटत नाही तेव्हा



आपण बेळगावकर मराठी शब्दाला जपणारी माणसे. म्हणून आज एका साध्या मराठी शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘उचल’. ऊसतोडीच्या मजुराने हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम.

पावसाळा सरत आला की बीडकडच्या कोरडवाहू गावांत मुकादम फिरू लागतो. लग्न, दवाखाना, जुने देणे यांसाठी घरात पैसा तेव्हाच हवा असतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि त्या कोयत्यावर उचल मिळते. हिशेबात माणसाच्या जागी अवजार येते, आणि बाईची मजुरी बहुधा नवऱ्याच्याच नावावर जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास या टोळ्या घर सोडतात. काही पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही आपल्या भागात येतात. राहायला कोपी, पहाटेपासून फडात तोडणी, गाडी रात्री आली तर रात्री मोळ्या चढवायच्या. मजुरी टनावर. खाडा पडला तर पैसे कापले जातात. पट्टा पडला की हिशेब होतो. उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि माणूस त्याच मुकादमाकडे पुन्हा बांधला जातो.

खाडा परवडत नाही म्हणजे काय, हे बाईच्या शरीराला विचारावे. २०१९ साली महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते.

यावर कोणी म्हणेल, उचल मजूर स्वतःच मागतो. कधी ती घेऊन पळतोही, आणि मुकादम बुडतो. हे खरे आहे. पण पैसे कोणी मागितले, हा प्रश्नच नव्हे. ते फिटेपर्यंत त्याला काम सोडून जाता येते का, हा प्रश्न आहे. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा नेमके हेच विचारतो. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचे दुसरीकडे काम करण्याचे किंवा हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य गेले, तर ती वेठबिगारी. आणि तसले कर्ज फेडण्याची जबाबदारीच कायद्याने संपते. संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठ आधीच निषिद्ध केली आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे हीदेखील सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले. वेठबिगाराला सोडवणे ही जिल्हाधिकाऱ्यांची जबाबदारी आहे, आणि त्यासाठी जिल्ह्यात दक्षता समिती असावी असेही कायदा म्हणतो.

मग कायदा फडापर्यंत का पोहोचत नाही? एक कारण आपल्याला घरबसल्या कळण्यासारखे आहे. इकडे आलेल्या या माणसाला फक्त मराठी येते, आणि इथला कचेरीचा कागद कन्नडात असतो. अर्ज कोणाकडे द्यायचा, पाटीवर काय लिहिले आहे, पोलीस काय विचारतात, हे त्याला मुकादमाच्या तोंडूनच कळते. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच दुभाष्या!

आपल्याला मात्र दोन्ही भाषा येतात. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिल्याची ती कमाई आहे. आपल्यातल्या पुष्कळांची उसाची शेती आहे, कारखान्याचे शेअर आहेत. टोळी कधी येणार याची आपण डोळ्यांत तेल घालून वाट बघतो. ती आल्यावर मात्र कोपीकडे पाहायला आपल्याला सवड नसते. मराठीच्या हक्कासाठी आपण एवढे झगडलो. आपल्याच बांधावर मराठीत रडणारे मूल कोणाचे, हे विचारायला काय हरकत आहे?

येत्या हंगामात आपल्या फडात टोळी उतरली की तीन गोष्टी विचारा. वजनाचा आणि उचलीचा हिशेब लिहून मिळतो का? बाईची मजुरी बाईच्या हाती पडते का? आणि घरी जायचे म्हटले, तर जाता येते का? हे मुकादमासमोर विचारू नका, चार पावले बाजूला नेऊन विचारा. तिसऱ्या प्रश्नाला मान नकारार्थी हलली, आणि त्या माणसाची तयारी असली, तर त्याचा अर्ज कन्नडात लिहून द्या आणि जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत त्याच्याबरोबर जा.

मंडळानेही आपल्या खोलीत आठवड्यातून एक संध्याकाळ अशा अर्जांसाठी ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.