आपण कोणत्या बाजूचे?

(मंडळाच्या एच. डी. कोटे येथील कुटुंबमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाचा मेळावा म्हैसूरच्या सभागृहात न भरविता पन्नासेक किलोमीटर दूर, कबिनी धरणाच्या या तालुक्यात भरविण्याचे कार्यकारिणीने ठरविले, याचा आम्हा कोटेकरांना विशेष आनंद आहे. आमची येथे दोन-चारच मराठी घरे. चिटणीसांनी मला विषयाचे बंधन घातले नाही, हा त्यांचा विश्वास किंवा बेसावधपणा. ज्ञानेश्वरीवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. क्रिकेटवर बोलण्याचा अधिकार मात्र या देशात प्रत्येकास जन्मतःच मिळतो. मी शाळेच्या संघापलीकडे खेळलो नाही. पण बाळ ज. पंडितांचे मराठी धावते समालोचन कानात साठवून मोठा झालेल्या पिढीतला आहे, एवढे भांडवल आज पुरेसे समजावे.

मी मूळचा नागपूरचा. बँकेच्या नोकरीने या मुलखात आलो आणि राहिलो. मुलाचा जन्म म्हैसूरचा. त्याची शाळा, मित्र आणि भांडणे सारी कन्नडमधून झाली. घरात मराठी आहे, पण संघ त्याचा कर्नाटक आणि माझा विदर्भ. पूर्वी हा मतभेद निरुपद्रवी होता, कारण विदर्भाचा संघ पहिल्या फेरीतच परतत असे आणि मी जानेवारीपर्यंत निवांत असे. डिसेंबर 2017 मध्ये ही निवांती संपली. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाला जिंकण्यास 198 धावा हव्या होत्या. रजनीश गुरबानीने सात बळी घेतले आणि डाव 192 वर आटोपला. पाच धावा! त्या दिवशी मी पेढे आणले आणि मुलगा जेवला नाही. पेढे आणावयास नको होते, असे आता वाटते.

त्याच सामन्यात कर्नाटकाकडून दीडशतक काढणारा तरुण म्हणजे करुण नायर. वर्षभर आधी चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद 303 धावा काढूनही तो भारतीय संघात टिकला नव्हता. पुढे 2022 च्या सुमारास कर्नाटकाच्या संघातही त्यास जागा उरली नाही आणि 2023 साली तो विदर्भाकडे आला. मल्याळी कुटुंबातला, जन्म जोधपूरचा, क्रिकेट शिकला बंगळुरात आणि तिशी उलटल्यावर उभा राहिला नागपूरच्या जामठ्यावर! आमच्या घरात यावरून मोठा तात्त्विक पेच उद्भवला. मुलगा म्हणे, ‘‘बाबा, तो आमचा आहे, तुम्ही फक्त भाड्याने घेतला.’’ मी म्हणे, जो आमच्यासाठी धावा काढील तो आमचा. फेब्रुवारी 2024 मध्ये नागपुरास उपउपांत्य फेरीत त्याने कर्नाटकाविरुद्धच 90 धावा काढल्या, विदर्भ 127 धावांनी जिंकला आणि आमच्याकडे दोन दिवस अबोला राहिला. त्या वर्षी अंतिम सामन्यात मुंबईने आम्हांस वानखेडेवर 169 धावांनी हरविले, तेव्हा तो अबोला सुटला.

आता 2024-25 च्या हंगामाविषयी माझी मते सांगतो. विजय हजारे स्पर्धेत करुणने जे केले त्यास उपमा नाही. एकूण 779 धावा, पाच शतके, आणि पहिल्यांदा बाद होण्यापूर्वी 542 धावा. अंतिम सामना 18 जानेवारी 2025 रोजी वडोदऱ्यास, आणि समोर कोण, तर कर्नाटक! आमच्या दिवाणखान्यात त्या दिवशी दोन सोफे दोन संघांना वाटून दिले होते. सौभाग्यवती मध्ये खुर्चीवर, पंचासारख्या. स्मरण रविचंद्रन नावाच्या मुलाने 101 धावा केल्या, कर्नाटकाच्या 348 झाल्या. पाठलागात ध्रुव शोरीने 110 केल्या, शेवटी हर्ष दुबेने तीस चेंडूंत 63 धावांची आतषबाजी केली, पण 36 धावा कमी पडल्या. करुण 27 वर प्रसिद्ध कृष्णाकडून त्रिफळाचीत झाला. मुलगा उठून नाचला नाही. म्हणाला, ‘‘बाबा, तो बाद झाला तेव्हा मलाही वाईट वाटले.’’ मीही मग स्मरणच्या खेळाची मनापासून तारीफ केली. एकविसाव्या वर्षी अंतिम सामन्यात शतक काढणे ही साधी गोष्ट नव्हे.

रणजी करंडक मात्र आम्ही जिंकलो. लोक त्या विजयाचे श्रेय करुणला देतात. मला ते पुरते मान्य नाही. त्या हंगामात त्याच्या 863 धावा झाल्या, पण यश राठोडच्या 960 होत्या. उपांत्य सामन्यात मुंबईविरुद्ध दुसऱ्या डावात यशने काढलेल्या 151 धावा नसत्या तर अंतिम सामना आम्ही दूरदर्शनवरच पाहिला असता. आणि हर्ष दुबे! एका रणजी हंगामात 69 बळी, हा विक्रम. डावखुरा, साधी धाव, हातात मोठी जादू नाही, पण दिवसभर एकाच जागी टप्पा टाकीत राहण्याची चिकाटी अशी की फलंदाजच कंटाळून चूक करतो. शिवाय खालच्या क्रमांकावर धावा. मला विचाराल तर करंडकावर पहिले नाव त्याचे कोरावे.

मग करुणचे काय? अंतिम सामन्यात जामठ्यावर केरळविरुद्ध आमचे तीन गडी 24 धावांत गेले होते. तेथून एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारला हाताशी धरून त्याने 215 धावांची भागीदारी केली. दानिशने 153 काढल्या. करुण 86 वर धावचीत झाला. थोरला माणूस घरात असला की धाकट्यांना धीर येतो, तसे ते होते. दुसऱ्या डावात 31 वर त्याचा झेल सुटला आणि त्याने 135 केल्या. पहिल्या डावातील 37 धावांच्या आघाडीवर विदर्भाने करंडक तिसऱ्यांदा उचलला. यात एक गंमत अशी, की समोरच्या केरळच्या संघात आमचा आदित्य सरवटे होता. 2018-19 च्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेऊन विदर्भाला करंडक मिळवून देणारा हाच नागपूरकर आता केरळसाठी 79 धावा काढीत होता. मल्याळी घरातला मुलगा विदर्भासाठी केरळशी लढतो आणि नागपूरचा मुलगा केरळसाठी नागपूरशी! मी कोणाविरुद्ध ओरडावे, हेच मला त्या दुपारी कळेना. सरवटेच्या प्रत्येक धावेला माझ्या तोंडून ‘वा’ निघे आणि लगेच जीभ चावावी लागे.

म्हैसूरकरांना यात नवल वाटू नये. जानेवारी 2010 मधला गंगोत्री मैदानावरचा अंतिम सामना येथल्या अनेकांनी प्रत्यक्ष पाहिला आहे. मनीष पांडेच्या 144 आणि गणेश सतीशच्या 75 धावांमुळे 338 चे लक्ष्य हातातोंडाशी आले, आगरकरने पाच बळी घेतले आणि मुंबई सहा धावांनी जिंकली. मीही तेथे होतो. कोटेहून एस.टी.ने, म्हणजे येथल्या भाषेत केएसआरटीसीने, पहाटे निघून गेलो होतो. मी नागपूरचा असल्याने मुंबईविषयी ममत्व नाही, म्हणून मी कर्नाटकाकडून ओरडत होतो. पण आपल्या मंडळातील गिरगावची मंडळी रुमालाआड टाळ्या वाजवीत होती, हे मी पाहिले आहे. नावे घेत नाही. तोच गणेश सतीश पुढे विदर्भाकडे आला आणि 2017 च्या त्या पाच धावांच्या सामन्यात कर्नाटकाविरुद्ध खेळला.

त्यानंतर करुणला भारतीय संघात पुन्हा बोलावले गेले. 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात चार कसोटींत 205 धावा, ओव्हलवर एक अर्धशतक. चाहता म्हणून खोटे बोलणार नाही: वीस-तीस धावांपर्यंत तो सुरेख दिसे आणि मग बाद होई. आठ वर्षे वाट पाहिलेल्या माणसाने एवढ्या घाईने जावे, याचे मला फार वाईट वाटले. पण ओव्हलच्या त्या हिरव्या खेळपट्टीवर, इतरांचे काही चालत नसताना काढलेल्या 57 धावा मी कोणत्याही शतकापेक्षा कमी मानीत नाही. भारत तो सामना सहा धावांनी जिंकला.

आणि 2025-26 च्या हंगामासाठी करुण पुन्हा कर्नाटकाकडे परतला. बातमी आली त्याच संध्याकाळी नागपूरहून माझ्या थोरल्या बंधूंचा दूरध्वनी. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम, ‘‘नेला ना तुम्ही लोकांनी आमचा करुण परत!’’

मी म्हटले, ‘‘दादा, तो मुळात आमचाच होता.’’

पलीकडे दादा क्षणभर गप्प झाला. समोरच्या सोफ्यावर मुलगा हसू लागला होता.