थंडी सरताना

आमच्या जुन्नरला माघ लागला की एकाच दिवसात दोन ऋतू भेटतात. सकाळी शिवनेरीकडून येणारा वारा कानाला बोचतो, कानटोपी काढवत नाही. दुपारी तीच कानटोपी खिशात कोंबून माणसं रसवंतीच्या बाकड्यावर बसलेली दिसतात. बाजारात द्राक्षं आलेली असतात, आंब्याला मोहोर असतो, रस्त्याकडेचा पळस पेटलेला असतो. आम्हा कवींना हे दिवस फार आवडतात. याच दिवसांत दवाखान्यातली बाकडीही भरलेली असतात, हे मात्र कोणी कवितेत लिहीत नाही. मीही लिहिलेलं नाही.

२०२५च्या जानेवारीत माझी आम्मा गेली. आठ-दहा दिवस घरात माणसांची ये-जा होती, मग घर रिकामं झालं आणि मला खोकला लागला. तीन आठवडे हटेना. रात्र सगळी जागरणात जायची. दुपारी जेवलो की जी झोप लागायची, ती दिवेलागणीलाच उतरायची आणि डोकं दगडासारखं जड. लिहायला बसलो तर कागद कोरा.

डॉक्टरांनी फोटो काढला, थुंकी तपासली, साखर पाहिली. साखरेचा आजार मला जुनाच आहे. ते म्हणाले, "छाती साफ आहे. रात्री झोपता किती?" मी हिशोब सांगितला. मग त्यांनी विचारलं, "दिवसभरात बोलता कोणाशी?" तो हिशोब मला देता आला नाही.

औषध थोडंच दिलं. दुपारची झोप बंद आणि सकाळी फिरायचं, एवढं बजावलं. घरी येऊन 'अष्टांगहृदया'चं मराठी भाषांतर काढलं. वाग्भटानेही वसंतात दिवसा झोपायला मनाई केली आहे. थंडीत साठलेला कफ उन्हाने पातळ होतो, भूक मंदावते, म्हणून जड, आंबट, तुपकट, गोड कमी करा, हालचाल वाढवा, असा त्याचा सल्ला. सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस म्हणजे ऋतुसंधी. या काळात जुन्या सवयी क्रमाक्रमाने सोडाव्यात, नव्या क्रमाक्रमाने धराव्यात. एकदम बदल केला तर तोच रोगाला कारण होतो. मला यातलं 'क्रमाक्रमाने' फार पटलं. घरातली माणसं मला "आता सावरा" म्हणत होती, तीही प्रेमानेच. पण स्वेटर एका दिवसात पेटीत जात नाही, तिथे आईचं काय घेऊन बसलात?

आता फिरण्याचं. पहाटे फिरायला जा, असं सगळे सांगतात. सांगणारे आमच्या तालुक्यातले नसतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग होतो आणि इथल्या उसात बिबट्या राहतो. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. पहाटेच्या अंधारात एकटं बाहेर पडणं म्हणजे आरोग्य राखणं नव्हे. शेजारचे गुरुजी म्हणाले, "कवी, ऊन वर येऊ द्या. मी आठला येतो. दोघं जाऊ, मोठ्याने बोलत जाऊ." तेव्हापासून आम्ही आठला निघतो. गुरुजी मोठ्याने बोलतात आणि मी, उत्तर द्यायला लागतं म्हणून, बोलतो. बिबट्याच्या भीतीने मला सोबत मिळाली. अर्थात ही चैन आमची, निवृत्तांची. ज्यांच्या पंपाला रात्रीच लाईट मिळते, त्यांना पाणी धरायला रात्रीच जावं लागतं. त्यांना उन्हाची वाट पाहत बसता येत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी गुरुजींबरोबर डिंभे धरणाच्या पलीकडे, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात गेलो. महादेव कोळ्यांच्या त्या वाड्यांचा मोठा आधार म्हणजे हिरड्याची झाडं. कोवळी फळं झोडून वाळवली की तो बाळहिरडा, काळा नि सुरकुतलेला. एका घरी चहा घेतला. माझा खोकला ऐकून आजीने गेल्या हंगामातला मूठभर बाळहिरडा हातावर ठेवला. तोंडात धरला आणि माझे डोळे भरून आले. आमच्या घरी याला हलेला म्हणत. आजोबांचा यूनानीवर विश्वास. त्यांच्या पत्र्याच्या डबीतला हलेला आम्मा मला द्यायची आणि म्हणायची, "मुँह में रख, निगलना नक्को." यूनानीतलं इत्रीफल हे नावही मूळ आपल्या त्रिफळ्याचंच. म्हणजे या डोंगरात होणारं फळ, दोन्ही वैद्यकांना लागणारं, दोन नावांनी आमच्या तालुक्यात वावरत होतं.

आजीने विचारलं, "काय झालं, बाबा?" म्हटलं, "आईची आठवण झाली." ती धरणाकडे हात करून म्हणाली, "माझ्या आईचं घर तिकडं पाण्यात हाय." जुनं आंबेगाव गाव धरणाखाली गेलं, तालुक्याला फक्त नाव उरलं, हे मला ठाऊक होतं, पण असं कोणी दाखवलं नव्हतं. आम्ही बराच वेळ दोन आयांबद्दल बोललो. गुरुजी त्या दिवशी गप्प होते.

हिरड्याने खोकला गेला असं मी म्हणणार नाही. तो उतरणीला लागलाच होता. 'भावप्रकाशा'त वसंतात हिरडा मधाबरोबर घ्यायला सांगितला आहे, पण मध माझ्या पथ्यात बसत नाही आणि गरोदर बाईने तर हिरडा घेऊच नये. आपलं आपण वैद्य होऊ नये, एवढंच. आणि श्रोतेहो, झोप उडून नि मन उतरून पंधरा-वीस दिवस झाले तर तेही डॉक्टरांनाच सांगावं. समोरासमोर बोलणं जड जात असेल तर २०२२पासून सरकारची 'टेलि मानस' ही मोफत फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६.

त्या वर्षी २ मार्चला पहिला रोजा होता. आदल्या वर्षी डॉक्टरांना न विचारता रोजे धरले आणि एका दुपारी भोवळ येऊन ओट्यावर पडलो होतो. या खेपेला आधी जाऊन गोळ्यांच्या वेळा बदलून घेतल्या, साखर उतरली तर रोजा सोडायचा हेही कबूल केलं. इफ्तारच्या तळणावर मात्र त्यांनी काट मारली. खरं सांगतो, दिवसभराचा उपवास सोपा, पण कांदाभजी सोडणं अवघड गेलं.

३० मार्चला, रविवारी, गुढीपाडवा आला. गुरुजींच्या घरून कडुनिंबाची पानं, ओवा, गूळ वाटून आलेली गोळी आली. माझा एकोणतिसावा रोजा. वाटी झाकून ठेवली. संध्याकाळी गुरुजी आले, रोजा सोडला, आणि पाण्यानंतर त्यांच्यासमोर ती गोळी खाल्ली. गूळ नावालाच होता.

तेवढ्यात गच्चीवरून पोरं ओरडली, चाँद दिसला. आम्माशिवायची पहिली ईद. तोंड अजून कडूच होतं. गुरुजी जिन्यात चपला शोधत म्हणाले, "उद्या आठला येत नाही, तुमची नमाज असेल. दहाला येतो. शीरखुर्मा जरा बेतानेच घ्या."